लाल कोटातला स्वार

नाना वकिलांना खुर्चीत पाठ टेकून बसलेलं मी कधी पाहिलं नाही. जळगावच्या बाररूममध्ये ते यायचे, खुर्चीच्या कडेला जेमतेम टेकायचे, छत्री दोन गुडघ्यांत उभी धरायचे आणि कोणी चहा मागवायच्या आत उठायचे. "बसा हो नाना" म्हटलं की ठरलेलं उत्तर यायचं, "बसलो की गंजतो." मी नवा वकील म्हणून तिथे आलो, त्या दिवशी त्यांनी माझं नाव विचारलं आणि उत्तर ऐकायच्या आत दाराबाहेर गेले. उद्धट माणूस, असं मी मनाशी ठरवून टाकलं. नंतर कळलं, भुसावळला कुणा रेल्वेच्या साहेबाच्या सामानाचा लिलाव होता आणि गाडी सुटायला आली होती.

लिलाव हा नानांचा जीव की प्राण. साहेबाची बदली झाली की बंगल्यातल्या टेबल-खुर्च्या, दिवे, भांडी अंगणात मांडली जायची. लोक पलंगावर बोली लावत आणि नाना पुस्तकांच्या पेटीशी उकिडवे. त्यांना हवी असत ती फक्त एका जातीची पुस्तकं: व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या विनोदी शिकारी कादंबऱ्या. एखादा ढेरपोट्या व्यापारी लाल कोट चढवतो, घोड्यावर बसतो, कुत्र्यांचा तांडा घेऊन कोल्ह्यामागे धावतो आणि पानोपानी खड्ड्यात, ओढ्यात, चिखलात पडतो. सोबत हाताने रंगवलेली चित्रं. नाना स्वतः टांग्याखेरीज घोड्याच्या जवळपास कधी गेले नव्हते. त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, म्हणायच्या, "आमच्या घरात कोल्ह्या-कुत्र्यांना कपाटं आहेत. माणसांनी ओसरीवर निजावं."

ते दिवस परदेशी कापडाच्या होळ्यांचे. नाना स्वतः खादी वापरत, त्यामुळे चिडवायला आम्हाला आयतंच सापडलं होतं. "नाना, अंगावर खादी आणि कपाटात लाल कोट?" नाना शांतपणे म्हणायचे, "अरे, साहेबाला त्याच्याच माणसाने चिखलात लोळवलाय. मी पडलेले साहेब जमवतो. तू एक तरी पाडलायस का?"

त्या सगळ्या पुस्तकांत एक त्यांच्या जिवाला लागलं होतं. धुळ्याला जंगल खात्याचा एक म्हातारा साहेब विलायतेला परत गेला, तेव्हा ते लिलावात मिळालेलं. तांबड्या कापडाची बांधणी, पाठीवर सोनेरी कोल्हा. पण मुखचित्र नाही, कुणीतरी धारदार पात्याने अलगद कापून घेतलेलं. नाना हळहळायचे, "वरात आहे, वाजंत्री आहे, घोड्यावर नवरदेव तेवढा नाही." पुढची कितीतरी वर्षं ते त्या नवरदेवाच्या मागे होते. खानसामे विचारून झाले, माळी झाले, रद्दीवाले झाले. कोर्टाला सुटी लागली की नाना धुळ्याच्या गाडीत. मी कंटाळून म्हटलं, "नाना, एका चित्रापायी किती जोडे झिजवाल?" तर माझ्यावरच उखडले, "तुला अर्ध्यावर सोडलेला दावा चालतो. मला नाही चालत."

शेवटी धुळ्यातल्या तसबिरी मढवणाऱ्या एका चाचांनी पत्ता दिला. "लाल कोटवाला घुडसवार ना? काच मीच बसवली वकीलसाब. साहेबाने सोताच्या हाताने कापून आणला होता. मोतद्दाराला निशाणी म्हणून दिला." घोडे सांभाळणारा तो मोतद्दार पिंपळनेरकडच्या एका खेड्यातला. दुसऱ्या दिवशी साक्रीमार्गे जाणाऱ्या मोटारीत नाना आणि त्यांनी ओढून नेलेला मी.

मोतद्दार वारला होता. त्याची बायको, सगळे तिला अक्का म्हणत, दारात उभी होती. नेमकी त्या दिवशी चंपाषष्ठी. घरात तळी उचलायची तयारी चालू होती आणि पाच माणसांत एक कमी पडत होता. अक्काने काही न विचारता नानांना आत घेतलं. "भाऊ, बरं झायं तू उना. पाचवा तू."

आत देव्हाऱ्यात तो होता. लाल कोट, उधळलेला घोडा, पायाशी कुत्रे, आणि काचेवर हळदीचा भंडारा बोटबोट साचलेला. घोडा आहे, कुत्रा आहे, ऐटदार स्वार आहे. खंडेराव नाही तर दुसरं कोण? नानांचा चेहरा मी पाहिला. देवापुढे कधी हात न जोडणाऱ्या त्या माणसाने मुकाट्याने ताटाला हात लावला आणि सगळ्यांबरोबर येळकोट केला.

जेवणं झाल्यावर नाना चाचरत म्हणाले, "अक्का, हे चित्र ज्या पुस्तकातलं आहे ना, ते माझ्याकडे आहे."

"मंग पोथी आठे लई ये," अक्का म्हणाली. "देवले उठाडता येस का? पोथीले येता येस."

वकिलाने तो निकाल मानला: देव हलणार नाही, पोथीच येईल. तेव्हापासून दर चंपाषष्ठीला नाना पुस्तक फडक्यात बांधून अक्काकडे नेऊ लागले. दिवसभर ते देव्हाऱ्यापुढे ठेवायचं, संध्याकाळी उचलून परत आणायचं. तेवढा दिवस पुस्तक पुरं. पण फडक्याची गाठ त्यांनी तिथे कधी सोडली नाही. अक्का विचारायची, तेव्हा सांगायचे, "इंग्रजी आहे अक्का. तुला नाही कळायचं." खरं मला ठाऊक होतं. आतल्या पानांवर तिचा देव चिखलात उताणा पडला होता. पडलेल्या साहेबांची आयुष्यभर मजा घेतलेल्या माणसाला ते एक पडणं तिच्यापुढे उघडं करण्याची भीती वाटत होती.

अक्का त्यांच्याही मागे लागायची. "बठ ना भाऊ जरासा. देव घोडावर शे, ते ठीक शे. तू काबर घोडावर शे?" नाना हसायचे, छत्री उचलायचे.

इंग्रज गेले त्या वर्षी नानांनी अंथरूण धरलं. जाणाऱ्या साहेबांच्या लिलावांच्या बातम्या कानावर आल्या की उठू पाहायचे आणि काकू त्यांना पुन्हा निजवायच्या. एकदा माझा हात धरून म्हणाले, "यंदा चंपाषष्ठीला तू जा. फडकं सोडू नकोस." दिवाळीनंतर ते गेले. मला फार एकटं वाटलं. बाररूममधली त्यांची खुर्ची तशीच होती आणि तिच्याकडे मला बघवत नव्हतं.

मी पुस्तक घेऊन गेलो. अक्का माझ्यामागे रस्त्याकडे पाहत राहिली. "भाऊ कोठे शे?"

"नाना गेले, अक्का."

ती पदर तोंडाशी धरून खाली बसली. मग म्हणाली, "सोड ते फडकं."

मी नाही म्हटलं. तिने स्वतःच गाठ सोडली. पुस्तक उघडलं ते नेमकं त्याच पानावर: स्वार चिखलात, पाय वर, टोपी पाण्यात, कुत्रे गोळा झालेले. तिने स्वारावर बोट ठेवलं.

"हाऊ तोच का?"

"हो. तोच."

तिने पान उलटलं. "आठे बी पडना." आणखी एक. "आठे बी." आणि ती रडता रडता हसायला लागली. "पडस, तरी परत घोडावर बठस. देवच शे तो. भाऊनी इतला वरीस हाई काबर दपाडी ठेवं?"

इतकी वर्षं दडवलेली ती पानं तिने एकेक करून शेवटपर्यंत पाहिली. संध्याकाळी मी पुस्तक उचलायला गेलो, तर तिने माझा हात बाजूला केला. एक पाट आणला, त्यावर घोंगडी घातली, तसबिरीच्या खाली पुस्तक ठेवलं आणि त्याच्या तांबड्या कापडावर भंडाऱ्याचं बोट लावलं.

"आते बठ, भाऊ," ती म्हणाली.