घरच्यांना कसला रुमाल

गल्लीत त्याला सगळे रबरशेठ म्हणत. शेठ म्हणण्यासारखं त्याच्याकडे काही नव्हतं. होता एक पत्र्याचा गाळा, त्यात दोन गाड्या अंग चोरून उभ्या राहतील एवढी जागा, आणि जुन्या गाड्यांचं विटलेलं रबर-प्लास्टिक पुन्हा काळंभोर करण्याचा धंदा. गाड्या रंगवणारे पुष्कळ आणि इंजिनं उघडणारे त्याहून पुष्कळ. पण काचेभोवतीचं रबर उन्हानं पांढुरकं पडलं आणि बंपरची प्लास्टिकची टोकं राखेच्या रंगाची झाली, की गाडी कितीही चकचकीत रंगवा, आजाऱ्याला नवा कोट चढवल्यासारखी दिसते. हा आजार उतरवणारा त्या भागात हा एकटाच, आणि हे तो कुणाला विसरू देत नसे.

काम चिकाटीचं. आधी साबणाच्या पाण्यानं आणि मऊ ब्रशनं रबरावरची जुनी साय काढायची, ते पूर्ण वाळू द्यायचं, मग औषध हातानं चोळायचं, मुरू द्यायचं, पुसायचं आणि पुन्हा चोळायचं. प्लास्टिकवरून गरम हवेचं यंत्र सतत फिरतं ठेवायचं. हात रेंगाळला की प्लास्टिक वितळलंच, पण फिरता राहिला तर करड्या रंगाखालून काळा आपसूक वर येतो. बूटपॉलिश फासून गाडी गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारणाऱ्यांचा त्याला मनस्वी तिटकारा होता. "पॉलिश बुटाला लावा," तो फणकारायचा, "गाडी काय पायात घालायची आहे?"

गाडी ताब्यात देताना तो खिशातून धुतलेला पांढरा रुमाल काढी, झटकी, रबरावरून दाबून फिरवी आणि गिऱ्हाइकाच्या नाकासमोर धरी. रुमाल पांढराच असायचा. यात थोडं नाटक होतं आणि ते करताना त्याची मान अंमळ ताठ व्हायची. पण नाटकात खोट नव्हती.

या रुमालाचं सगळ्यांत जास्त कौतुक त्याच्या ताईला. आई गेल्यावर तिनंच त्याला लहानाचं मोठं केलं होतं. तिच्याकडे कुणी पाहुणा आला, की बसायच्या आधी त्याला रुमालाची गोष्ट ऐकावी लागे. भाऊजी छापखान्यात फोरमन. जन्मभर शाईत वावरले, पण शर्टाला कधी ठिपका लागू दिला नाही, असा त्यांचा लौकिक. स्वच्छतेच्या बाबतीत माणूस भलताच करडा. ते निवृत्त व्हायचे होते आणि निरोपाच्या कार्यक्रमाला त्यांना आपल्या जुन्या गाडीतून जायचं होतं. फोरमन झाल्यावर हौसेनं घेतलेली गाडी ती. ताईनं ती बऱ्याच आधी आणून सोडली.

"सवडीनं कर," ती म्हणाली. "पण त्या दिवशी यांची मान वर राहिली पाहिजे बघ."

"तू काळजीच सोड," तो म्हणाला.

आणि मग त्याच्या दारात ती लाल, दोन जणांपुरती, टपाशिवायची गाडी आली. मालक बडी असामी, बरोबर फोटो काढणारा माणूस. रबरशेठचे हात कामात असतानाचे फोटो निघाले. माणूस हुरळून गेला, दुसरं काय! ताईची गाडी गाळ्याबाहेर गेली, तिच्यावर ताडपत्री पडली. घरचंच काम, होईल उद्या. तो उद्या रोज पुढे सरकत राहिला आणि एका सकाळी ताईचा फोन आला, "उद्या येतो रे गाडी न्यायला, तिथूनच कार्यक्रमाला जाऊ."

त्यानं ताडपत्री ओढली. गाडी आली होती तशीच पांढुरकी उभी होती. दिवसभर राबून प्लास्टिक तर त्यानं काळं केलं, पण रबराला घाई चालत नाही. न वाळलेल्या रबरात औषध मुरत नाही, नुसतं चिकट बसतं. हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? खरं तर एक फोन करायचा होता. "ताई, रबर राहिलं गं, आहे तसंच ने," एवढंच बोलायचं होतं. पण भाऊजींसमोर राहिलं म्हणायला त्याची जीभ रेटेना. दुसऱ्या दिवशी सकाळी घरातली बुटांच्या फळीवरची काळ्या पॉलिशची डबी त्यानं खिशात घातली, गाळ्याचं दार आतून लावलं आणि जे केल्याबद्दल तो जगाला शिव्या देत आला होता, तेच केलं.

गाडी देखणी दिसत होती. जरा जास्तच काळी.

ताई मोतिया रंगाचा, लांब बाह्यांचा नवा पोशाख घालून भाऊजींबरोबर आली होती. गाडीभोवती फिरली, खूश झाली आणि हात पुढे करून म्हणाली, "आण रुमाल."

"घरच्यांना कसला गं रुमाल दाखवायचा?" तो हसत म्हणाला. ते हसू त्याला स्वतःलाच परकं वाटलं.

ती आत बसली. उकाडा होता म्हणून काच खाली केली आणि सवयीप्रमाणे कोपर खिडकीत टेकवलं. त्यानं तोंड उघडलं. 'ताई, हात आत घे,' एवढेच शब्द होते. भाऊजींनी गाडी चालू केली.

"सावकाश जा हं," तो म्हणाला.

तो स्कूटरवरून मागोमाग निघाला. रस्ताभर त्याला पुढच्या खिडकीतलं ते कोपर दिसत होतं. दर वळणावर ते रबरावर थोडं घासत होतं.

छापखान्याच्या आवारात ती उतरली तेव्हा मनगटापासून कोपरापर्यंत बाही काळीकुट्ट झाली होती. भाऊजींचा चेहरा उतरला. "हे काय करून ठेवलंस? आजच्या दिवशी तरी! तुला साधं गाडीत धड बसता येत नाही?"

ताईनं बाहीकडे पाहिलं, खिडकीच्या रबराकडे पाहिलं आणि मग भावाकडे. पळभरच. "माझंच लक्ष नव्हतं," ती म्हणाली. "दाराचं ग्रीस लागलं असेल."

बोलायची हीच वेळ होती. रबरशेठच्या खिशात घडी न मोडलेला रुमाल होता. त्यावर त्याची बोटं घट्ट मिटली आणि तो जमिनीकडे बघत उभा राहिला.

तिनं मागच्या सीटवर पडून असलेली जुनी लोकरी शाल उचलून अंगभर गुंडाळली. सभागृहात माणसं कागदानं वारा घेत होती आणि ही मंचावर शाल लपेटून बसली होती. कपाळावरून घाम ओघळत होता. भाऊजी दोनदा तिच्याकडे झुकून काहीतरी पुटपुटले, प्रेमाचं नसावं. भाषणं झाली, हारतुरे झाले. कुणीतरी तिला माईकवर बोलावलं, तर तिनं बसल्या जागेवरून मान हलवून नको म्हटलं. बोलायला किती हौशी बाई ती! फोटोच्या वेळी ती नवऱ्याच्या मागे, अर्धी झाकून उभी राहिली. तिसऱ्या रांगेत बसलेल्या रबरशेठला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं होतं. लाज अशी, की टाळ्या वाजवायलासुद्धा हात वर येईना.

घरी बायको बुटांच्या फळीसमोर उभी. "डबी कुणी खरवडून ठेवली? आपल्या घरात एवढे बूट कुणाला आहेत?"



सुट्टीच्या दिवशी तो बादली, ब्रश आणि औषध घेऊन ताईच्या घरी गेला. भाऊजी व्हरांड्यात पेपर वाचत होते, ताई शेंगा सोलत होती. तो उभ्याउभ्याच म्हणाला, "भाऊजी, ते ग्रीस नव्हतं. मी रबराला बूटपॉलिश फासलं होतं. ताईनं बाही बघून ते ओळखलं होतं. माझ्यासाठी तिनं बोलणी खाल्ली."

भाऊजींनी पेपर खाली केला. "मग तेव्हाच बोलायचं की. मी उगाच हिला..." एवढं म्हणून त्यांनी बायकोकडे पाहिलं, आणि पेपर पुन्हा वर गेला.

"झालं गेलं," ताई म्हणाली. "चहा टाकते."

त्याला वाटलं होतं, कुणीतरी चांगलं फैलावर घेईल आणि छातीवरचं ओझं उतरेल. इथे तर चहा आला. तो त्यानं उभ्यानंच संपवला आणि अंगणात कामाला लागला. ब्रशखालून काळं पाणी वाहत राहिलं. रबर वाळलं, औषध मुरलं, पुसून झालं, पुन्हा चोळून झालं. उन्हं कलली तेव्हा त्यानं रुमाल काढला आणि त्या खिडकीवरून इतका दाबून फिरवला, की बोटं दुखली. मग ताईसमोर धरला.

"पांढरा आहे की," ती म्हणाली, आणि खरोखर हसली.

"चला, एक चक्कर मारून येऊ," भाऊजी म्हणाले. त्यांनी स्वतः तिच्या बाजूचं दार उघडलं. त्यांना जमत होतं तेवढं ते करत होते.

ती बसली. काच खाली केली. तिचा हात सवयीनं खिडकीशी वर आला, रबराच्या अलीकडे थबकला आणि परत मांडीवर गेला. तिच्या ते ध्यानातही नव्हतं. ती नवऱ्याशी, वाटेत भाजी घ्यायची का, यावर बोलत होती.

'ठेव गं हात, आता काही लागणार नाही,' असं म्हणायला तो पुढे झाला. पण हे तिनं आपल्या शब्दावर का मानावं, ते त्याला सांगता येईना. गाडी फाटकाबाहेर पडली, आणि तो रुमाल हातात धरून अंगणात उभा राहिला.