उजवी पाकळी

एक गोष्ट आहे, जी मी आजवर कुणाजवळ बोललेले नाही. नवऱ्याजवळ नाही, सख्ख्या बहिणीजवळ नाही, देवीसमोर हात जोडतानाही नाही — तिथे तर मुळीच नाही. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही माझ्या घरी येणार नाही, माझ्या नणंदेच्या हातचा चहा पिणार नाही. याला धाडस म्हणायचं का? नाही. मला हे सोपं पडतं, एवढंच.

मी रडणारी बाई नाही. भिवंडीजवळ वडप्याच्या एका गोदामात परत आलेल्या मालाचं काम सांभाळते. लोकांनी मागवलेला आणि नको म्हणून पाठवलेला माल आमच्याकडे येतो. प्रत्येक खोक्यासाठी परत येण्याचं कारण भरावं लागतं — फुटलं, माप चुकलं, गिऱ्हाईक सापडलं नाही. कारण भरल्याशिवाय मशीन पुढचं खोकं घेतच नाही. खरं कारण कित्येकदा कुणालाच ठाऊक नसतं. पोरं विचारतात, “मॅडम, इसमें क्या डालूँ?” मी म्हणते, “कुछ भी डाल, आगे बढ़.”

त्यामुळे आयुष्यात जे घडतं त्यामागे काहीतरी कारण असतंच, असं कुणी म्हणालं की मी गप्प बसते. आमच्या घरात तर हे रोजचं आहे. माझी नणंद रंजना म्हणते. दूध नासलं तरी म्हणते, रिक्षा मिळाली नाही तरी म्हणते. उगाच म्हणायचं म्हणून नाही, अगदी मनापासून. आणि दर वेळी मला भांडी आवरायची आठवण होते.

रंजना माझ्या नवऱ्याची धाकटी बहीण. आमच्याकडेच राहते. तिचं लग्न झालं नाही. का झालं नाही? देवीने नाही म्हटलं म्हणून. गावात कुणालाही विचारा, हेच सांगतील.

आमच्या गावदेवीला कौल लावतात. तुमच्याकडे असेल नसेल, म्हणून सांगते. घरात मोठी गोष्ट ठरायची असली — लग्न, जमीन, विहीर — की देवीच्या दोन्ही खांद्यांवर फुलाची एकेक ओली पाकळी चिकटवायची आणि वाट बघायची. उजवी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. पाकळ्यांचं ताट कौल मागणाऱ्या घराने न्यायचं. आमच्या घरचं ताट थोरली सून म्हणून मी करायचे.

मी भिवंडी शहरात वाढलेली. माझे वडील सायझिंगमध्ये होते — लूमवर चढवण्याआधी सुताला खळ लावतात, त्या कामावर. घरी आले की त्यांच्या कपड्यांना तोच आंबूस वास. खळ किती पातळ असली की धागा सुटतो आणि किती दाट असली की धरून ठेवतो, हे मला शाळेत जायच्या वयात कळत होतं. सासरी आल्यावर सासूबाईंच्या सुती लुगड्यांना भाताच्या पेजेची खळ मीच घालायचे. गावातल्या बायका कौतुक करायच्या.

बघा, अजून मी लुगड्यांवरच आहे. मुद्द्यावर येते.

रंजनाला पेणकडचं स्थळ आलं. मुलाचं नाव विलास. स्वतःचं गॅरेज होतं, बोलायला बेताचा. बघायला आले तेव्हा रंजनाने तांदळाच्या भाकऱ्या केल्या होत्या. त्याने एक जास्तीची मागून घेतली आणि मग आपणच लाजला. दाराआड रंजना इतकी हसली की सासूबाई ओरडल्या, “पोरी, दात तरी झाक!” दोन्हीकडून पसंती झाली. रंजना दुपारी कामं आटोपली की आरशासमोर चुडा कसा दिसेल ते हात वर धरून बघायची. मला विचारायची, “वैनी, पेणला पाणी कसं असेल गं? केस गळत असतील?” तिला दुसरी कसली काळजीच नव्हती.

काळजी मला होती. नुकतीच मला गोदामात नोकरी लागली होती. माझी पहिली नोकरी. दोन मुलं लहान — धाकट्या प्राचीचं तर अंगावरचं दूध नुकतंच सुटलेलं. सासूबाईंचे गुडघे गेलेले. मुलांचं सगळं रंजना करायची, म्हणून मी ड्युटीला जाऊ शकत होते. ती गेली की मी परत चुलीपाशी. कुणी मला तसं म्हणालं नव्हतं, पण म्हणायची गरज कुठे होती? मी नवऱ्याशी बोलू शकले असते. बाई ठेवू असं म्हणू शकले असते. लग्न थोडं पुढे ढकला, असंसुद्धा म्हणू शकले असते. यातलं मी काहीच बोलले नाही. मी एवढंच म्हणाले — “आई, एकदा कौल लावून घेऊ का? उगाच मनात नको राहायला.”

दोन्हीकडची पसंती बघून कौलाचं कुणाच्या डोक्यातही राहिलं नव्हतं. मी काढलं.

त्या सकाळी मी भात नेहमीपेक्षा जास्त शिजवला आणि पेज आटवून दाट केली. जास्वंदीच्या दोन पाकळ्या निवडल्या. एकीच्या मागच्या बाजूला पेजेचं बोट फिरवलं. दुसरीला नुसतं पाणी. हात थरथरला का? नाही. लुगड्याला खळ घालताना असतो तितकाच तो स्थिर होता. मला नंतर भीती वाटली ती याच गोष्टीची.

देवळातले पुजारी म्हातारे, नजर अधू झालेली. “उजवी दे गो सूनबाय,” म्हणाले. मी दिली. मग डावी दिली. सगळे हात जोडून बसले. रंजनाने डोळे मिटले होते — ओठ हलत होते. मी डोळे उघडे ठेवले. डावी पाकळी आधी कडेने उचलली गेली, मग अलगद खाली आली. उजवी तिथेच. पुजाऱ्यांना शेवटी ती नखाने काढावी लागली.

“देवीआई न्हाय बोलली,” सासूबाई म्हणाल्या. “आता इषय संपला.”

पेणच्या लोकांनी दोनदा माणूस पाठवला. विलास स्वतः एकदा आला, बाहेरच्या ओट्यावर बसला, पाणी प्यायला आणि गेला. रंजना आत मुलांना भरवत होती. ती रडली नाही. फक्त बरेच दिवस विचारत राहिली, “पण का गं वैनी? आईने का नाही म्हटलं असेल?”

तुम्हाला वाटत असेल, माझा गुन्हा एवढाच. मलाही तो तेवढाच ठेवता आला असता. पण तिचं ते ‘का’ मला ऐकवेना. जेवताना, कपडे वाळत घालताना, प्राचीला झोपवताना — का, का. मग एकदा मीच म्हणाले, “आमच्या गोदामात पेणचा एक ड्रायव्हर येतो. तो सांगत होता, विलास पितो म्हणे. खूप.”

पेणचा कुठलाही ड्रायव्हर नव्हता.

रंजना सुपातले तांदूळ निवडत होती. तिचा हात थांबला. मग चेहऱ्यावर इतकी सुटका दिसली — मला ती अजून दिसते. “बघ,” ती म्हणाली, “आईला माहीत होतं.” त्या दिवसापासून तिने विचारणं सोडलं. आणि तेव्हापासूनच ती ते ‘कारण असतंच’ हे वाक्य बोलायला लागली. आधी मी तिचा माणूस नेला, मग त्याची बदनामी केली, आणि तिने या सगळ्याला देवीची कृपा म्हटलं. तिच्या श्रद्धेला मीच खळ घातली, म्हणा ना.

पुढे स्थळं आली, पण कौलाने मोडलेली मुलगी म्हटल्यावर लोक बिचकायचे. नंतर यायचीच बंद झाली. मी कामात वर चढत गेले. माझी मुलं तिच्या हाताखाली शहाणी झाली. सासूबाईंचं शेवटचं सगळं तिने केलं. ती दुःखी आहे असंही मला म्हणता येत नाही — शेजारच्या बायकांत तिच्यासारखी हसणारी कुणी नाही. मग मनात येतं, असंच व्हायचं असेल तर? माझ्या हातून झालं, तरी त्यामागे काही असेल तर? हे सुचलं की फार बरं वाटतं. किती बरं वाटतं, यावरूनच कळतं की ते खोटं आहे.

गेल्या वर्षी कशेळीला नात्यातल्या हळदीला गेलो होतो. आमच्याकडची हळद म्हणजे डीजे, मटण आणि पुरुषांची दारू. मंडपाच्या कडेला विलास दिसला. केस पिकलेले, बायकोची पर्स सांभाळत उभा. कुणीतरी त्याच्यापुढे ग्लास धरला. तो हसून मागे सरला. दुसरा ओरडला, “अरे, याला कशाला विचारतोस? याने जन्मात थेंब घेतला नाय!”

डीजे चालूच होता. मला वाटलं, रंजनाला ऐकू गेलं नसेल. पण तिने त्याला ग्लास नाकारताना पाहिलं होतं. माझ्या कानाशी येऊन म्हणाली —

“वैनी, सुटली वाटतं त्याची. बरं झालं. बायको चांगली भेटली. माझ्याने नसतं झालं गं एवढं.”

मी काय म्हणाले असेन? मी म्हणाले, “चल, पानं मांडली.”

आता ज्यामुळे हे लिहायला बसले ते. प्राचीला बंगळुरूला नोकरी मिळते आहे. तिच्या वडिलांचं मन होत नाही. आठवड्यापूर्वी रंजना स्वयंपाकघरात म्हणाली, “वाद कशाला? आईला कौल लावू.”

प्राची म्हणाली, “आत्या, देवीला माझा बायोडाटा पाठवू का?”

“गप गं, जिभेला हाड नाही तुझ्या! मी पाकळ्या आणते. वैनी, ताट तू कर.”

खरं सांगू, तेव्हा माझ्या मनात पहिलं काय आलं? पश्चात्ताप नाही. मनात आलं — पेज ठेवावी लागेल. या वेळी डाव्या पाकळीला.

इतक्या वर्षांनी. इतक्या सहज. माझ्या मुलीसाठी उजवा कौल माझ्या हातात होता, आणि तो हात काय करू शकतो हे मला नीट माहीत होतं. मी गॅस बंद केला आणि म्हणाले, “कौल नको. तिला जायचंय, ती जाईल.”

“का?” रंजनाने विचारलं. तोच जुना शब्द, त्याच आवाजात.

तेव्हा सांगता आलं असतं. प्राची समोर होती, दार लोटलेलं होतं, घाई कसलीच नव्हती. रंजना माझ्याकडे बघत राहिली, हातात पिठाचा गोळा तसाच. मी तोंड उघडलं आणि पाण्याचा ग्लास उचलला.

“बरं,” ती म्हणाली. “तू नको म्हणतेस, म्हणजे त्यामागे कारण असेल काहीतरी.”

आणि तिने भाकरी थापायला घेतली. ती माझ्या डब्याची होती. फडक्यात गुंडाळून तिने डबा माझ्या हातात दिला, तसा ती रोज देते. मी तो घेतला आणि ड्युटीला गेले.