खुणेची भाकर

एम.ई.च्या प्रकल्पाला मी बिनतारी ओळखीचे टॅग घेतले, तेव्हा आमच्या गावात, साखऱ्यात, ते कुणाला समजावून सांगावं हा प्रश्नच होता. शेवटी सुट्टीत चुलीपुढं बसून मायलाच सांगितलं. एवढीशी चिप, तिला बॅटरी नाही. वाचणारं यंत्र जवळ आलं की त्याच्याच लहरींवर ती जागी होते आणि आपला नंबर सांगून टाकते. कुणीही विचारा, सांगते.

"अगं बया, एवढी भोळी?" माय म्हणाली.

"व्हय ना! तिला शहाणी करायची, पण जड गणित तिला झेपत न्हाई. म्हणून चिप अन् यंत्र या दोघांत एक बारीकसं गुपित ठेवायचं अन् दर भेटीला बदलायचं. चोरानं आज ऐकलं तरी उद्या त्याला काही उपयोग न्हाई."

भाकर थापता थापता मायचा हात थांबला. तिला काय आठवलं ते मला लगेच कळलं.

मी हिंगोलीला वसतिगृहात शिकत होते तेव्हाची गोष्ट. पोरं पळवणारी टोळी फिरून राहिली, अशी आवई उठली होती. मायला लिहिता-वाचता येत नसलं तरी डोकं बिलंदर. तिनं नियम घातला : घरून तुला न्यायला येईल त्याच्याजवळ माझ्या हातची भाकर असंल, काठाला माझ्या बोटांची खूण असंल. अन् भाकर ताजी पायजे. शिळी असली तर समजायचं, कुठून तरी उचलून आणली. "मंग कलेक्टर आला तरी जायचं न्हाई!" मी हट्टी. एकदा ऐकलं म्हणजे ऐकलं.

एका पहाटे बाबांच्या छातीत कळ आली आणि ते गेले. मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. मायनं पुसेगावच्या एका चाचांना मला आणायला धाडलं. गाद्या भरायचे ते, बाबांचे दोस्त. मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. पोरीला बापाचं तोंड दिसू द्या, तोवर उचलू नका, असं तिनं भावकीला हात जोडून सांगितलं होतं.

"बेटा, बाबाची तबियत बराबर न्हाई, चल," चाचा म्हणाले. लेकराला मरणाची बातमी तोंडावर कोण सांगतं?

"भाकर?" मी विचारलं.

त्यांनी रुमालातून काढून दिली. खूण मायचीच होती. मी भाकर मोडून पाहिली, तर वाळून कडक झालेली.

"ही शिळी हाय. मी न्हाई येत."

"बेटा, आज घरात काही पकलंच न्हाई," ते कळवळून म्हणाले.

झालं! आमच्या घरी चूल पेटली नाही, असं कधी होतं का? मला खात्रीच पटली. मयताच्या घरी चूल पेटत नसते, हे त्या वयात कुठं ठाऊक? खोलीत पळाले आणि आतून कडी घातली. वसतिगृहाच्या बाई दार वाजवून थकल्या. शेवटी त्यांनी रडत रडत खरं सांगितलं, तोवर दुपारची एस.टी. निघून गेली होती. पुढच्या गाडीत चाचा माझ्या शेजारी बसून आले. रागाचा एक शब्द बोलले नाहीत. आम्ही पोचलो तेव्हा मसणातून परतलेली माणसं अंगणात हातपाय धूत होती.

मायनं त्या दिवसाचं पुन्हा कधी नाव काढलं नाही. तिनं मला माफ केलेलं नाही, असंच मी धरून चालले. मग मलाही राग यायचा. तू शिकवलंस तेच केलं ना मी!

"यात एक घोळ होतो, माय," मी चुलीपुढं बसून सांगत राहिले. "कधी एकाकडं गुपित बदलतं, पण दुसऱ्याला त्याची खबरच पोचत न्हाई. मंग तो खऱ्या माणसालाच घरात घेत न्हाई."

"मंग गं?"

"म्हणून मी आधीचं गुपित बी सांभाळून ठेवलं. नवं जुळलं न्हाई, तर जुनं ताडून पाहायचं. यंत्र दरवेळी निराळा प्रश्न टाकतं अन् गुपित वापरून त्याचं उत्तर द्यावं लागतं, त्यामुळं जुनं उत्तर ऐकलेल्या चोराचं फावत न्हाई."

तव्यावरची भाकर करपली. मायचं लक्ष नव्हतं.

"म्हंजे शिळी बी चालली असती."

"व्हय, माय."

"टोपल्यातली कालची भाकर चाचाच्या हातात देताना माझ्या मनात आलं होतं गं," ती म्हणाली, "माझी पोरगी ही मानायची न्हाई. तरी दिली मी. दुसरं काही सुचलंच न्हाई."

आणि पदर तोंडाला लावून ती रडायला लागली. एवढी वर्षं मी समजत होते, ती माझ्यावर रुसलीय.