पलंगाखालचं गाव

बहिणीचं आख्खं गाव मी भंगारवाल्याच्या हातगाडीवर चढवून दिलं आणि बदल्यात एक हिरवा प्लॅस्टिकचा मग घेतला. सौदा बरा जमला या आनंदात मी मगाला दोनदा टिचकीही मारून पाहिली.

हेतू वाईट नव्हता. हेतू चांगला असलेल्या माणसाइतकं नुकसान दुसरं कोणी करत नाही, हे आमच्या घरात पूर्वापार मान्य आहे. माझ्या घराला रंग लागत होता, म्हणून मी धाकट्या बहिणीकडे मुक्कामाला आलो होतो. तिच्या मुलांना नुकती सुट्टी लागलेली. मेहुणे मालवाहू जहाजावर इंजिनखान्यात असतात; ते वर्षभराने घरी यायचे होते, दुसऱ्याच दिवशी सकाळी. आदल्या दिवशी बहीण दोन्ही पोरांना घेऊन शिवलेले कपडे गिऱ्हाइकांना पोचवायला गेली. मला वाटलं, माणूस वर्षानं घरात पाऊल टाकतोय, आपण जरा आवरून ठेवावं. पलंगाखाली वाकलो तर तिथे एक भलामोठा खोका, आणि त्यात नुसती रिकामी खोकी. साबणाची, टूथपेस्टची, बल्बची, बुटांची. एकात एक, त्यात आणखी एक. तेवढ्यात खालून भंगारवाल्याची आरोळी आली. देवच धावून आला म्हणायचं.

या बहिणीला आम्ही लहानपणापासून भिंगरी म्हणतो. ती बसत नाही. म्हणजे बसते, पण शिवणाच्या मशीनवर, आणि तेव्हाही पाय चालूच असतात. जेवताना ती उभी, फोनवर बोलताना एका हाताने ओटा पुसत, आणि कोणी आजारी माणसाला भेटायला गेली तर त्याच्या उशाशी बसायचं सोडून त्याच्या सदऱ्याची बटणं घट्ट करत असते. टूथपेस्टची नळी संपली की ती कात्रीने उभी चिरते आणि त्यात आणखी आठवडा काढते. साबणाच्या चिपट्या दाबून त्यांचा नवा साबण करते. त्याला रंग कुठलाच नसतो, पण फेस येतो. थोरलीचा फ्रॉक आखूड झाला की तो धाकट्याचा सदरा होतो, मग उशीचा अभ्रा, मग फडकं. त्या घरात कापडाला मरण नाही, फक्त पुनर्जन्म आहेत.

तर ती परत आली. दारातूनच म्हणाली, "पलंगाखालून वारा कसा येतोय?"

"आवरलं," मी म्हणालो. "भिंगरे, खरं सांगू का, ही काटकसर नव्हे, हा आजार आहे. रिकामी खोकी कोण साठवतं? हे बघ काय मिळालं." आणि तो हिरवा मग पुढे केला.

तिने आधी मग उलटा केला, खिडकीच्या उजेडात धरला. "तळाला चीर आहे," ती म्हणाली. मग तिच्या लक्षात आलं मी काय बोललो ते. ती गुडघ्यावर बसून पलंगाखाली बघायला लागली, तिच्यामागून थोरली, थोरलीमागून धाकटा.

"मामा, शाळा कुठंय?" थोरलीने विचारलं.

"सुट्टी आहे ना तुला? शाळेचं काय काढलंस?"

"बुटांची शाळा. धाकट्याला पहिल्यांदा शाळेत घातलं तेव्हाचे बूट."

"आणि माझं दातपडक्याचं हॉटेल?" धाकटा म्हणाला. त्याने पुढच्या दातांची फट दाखवली. "बिस्किटाचं. बिस्किट खाताना पडला होता."

मला कळेना. मग थोरलीने मला समजावलं, मठ्ठ मुलाला समजावतात तसं. त्या घरात एखादं खोकं रिकामं झालं की ते जेवताना मध्ये ठेवतात आणि आई विचारते, यात कोण राहायला येणार? त्या सुमारास घरात जे घडलं असेल त्याप्रमाणे भाडेकरू ठरतो. दिवे गेले होते आणि काळोखात धाकट्याने बल्ब फोडला, म्हणून बल्बचं खोकं हे वीज कचेरी. मशीनच्या सुयांचं चिमुकलं खोकं पोलीस चौकी, कारण त्या दिवशी कोणीतरी आईची कात्री चोरली होती. ती पुढे सापडली, पण चौकी राहिली. अशी वर्षभर खोकी जमतात. सुट्टी लागली की खळ शिजवायची, चिंध्यांचे पडदे लावायचे, दारं कापायची, आणि बाबा यायच्या आधी गाव वसवायचं. बाबा गावातून फिरतात आणि त्यांना मागे काय काय झालं ते कळतं.

"म्हणजे मामा," थोरली म्हणाली, "तू आमचं वर्ष विकलंस."

"विकलं नाही," धाकटा म्हणाला. "मगाला दिलं."

भिंगरीने अजून चपलाही काढल्या नव्हत्या. पोरांना समोरच्या काकूंच्या दारात सोडलं, माझ्या हातात पिशवी कोंबली (तिच्या घरातून कोणी रिकाम्या हाताने बाहेर पडत नाही) आणि म्हणाली, "चल."

"कुठे?"

"गाव आणायला."

ती पुढे, मी मागे. तिच्या बरोबरीने चालणं म्हणजे कोणाच्या तरी वरातीमागे पळणं. भंगारवाला चौकातून डावीकडे गेला असं इस्त्रीवाल्याने सांगितलं, उजवीकडे गेला असं पानपट्टीवाल्याने. ती दोघांचंही ऐकून सरळ गेली, कारण गोदाम सरळ होतं आणि गाडी भरली की कोणीही तिथेच जाणार.

"अगं, नवी खोकी गोळा करू," मी धापा टाकत म्हणालो. "दुकानदार ढीगभर देतील. बुटांच्या दुकानात तर..."

"दुकानातल्या खोक्यात आपल्या घरचं काय झालंय?"

थोड्या वेळाने तीच म्हणाली, मागे न बघता, "मला एकच मिळालं तरी पुरे. दवाखाना."

"कुठला दवाखाना?"

"औषधाचं पांढरं खोकं. थंडीत थोरलीला ताप आला होता ना."

"हो, बोलली होतीस. ताप आला होता, उतरला."

"नुसता ताप नव्हता, दादा. दवाखान्यात ठेवली होती तिला. डोळे उघडत नव्हती. डॉक्टर माझ्याशी बोलायचे ते खाली बघून."

मी उभा राहिलो. ती थांबली नाही, म्हणून मलाही चालावं लागलं.

"मेहुण्यांना ठाऊक आहे?"

"फोन यायचा. विचारायचे, थोरली कुठंय? मी म्हणायचे, झोपलीय. खोटं नव्हतं."

"मग उद्या सांग की."

"तोंडाने येत नाही. मी करून बघितलंय. मशीनवर बसून भिंतीला सांगून बघितलं. 'ताप' इथपर्यंत येतं, पुढे गाडी हलत नाही." रस्ता ओलांडताना तिने माझ्या बाहीला धरून मला खेचलं, लहान मुलाला खेचावं तसं. "गावात दवाखाना असला की ते विचारतील, हे काय? थोरली सांगेल. पोरांच्या तोंडून ऐकलेलं जरा कमी लागतं. आणि उद्याच सांगायला हवं. समोरच्या काकूंच्या तोंडात तीळ भिजत नाही, त्या जिन्यातच गाठतील त्यांना. बायकोने लपवलेलं शेजारणीकडून कळलं तर काय वाटेल त्या माणसाला?"

मला पहिल्यांदा तो मग हातात असल्यासारखा वाटला, जड.

गोदामात पुठ्ठ्याचे डोंगर होते. आमचा भंगारवाला एका डोंगराच्या पायथ्याशी खोक्यांवर नाचत होता. नाचत म्हणजे, उभं खोकं पायाने चपटं करत होता. त्याच्या धंद्यात हवेला भाव नाही.

"अहो, सकाळी मी दिलेली खोकी," मी म्हणालो.

"तो मग चांगला नाही का?"

"मग राहू दे. ती खोकी परत हवीत. ती घरं होती."

तो पाय वर धरून थांबला. माझ्याकडे बघितलं, मग तिच्याकडे. "घरं होती तर कुलूप लावायचं," तो म्हणाला आणि बाजूला झाला. "तो ढीग. बघा काय सापडतं ते. मोडलेल्याचं मी बोलत नाही."

भिंगरी ढिगात शिरली. तिचे हात मशीनसारखे चालत होते; चपटी खोकी डावीकडून उजवीकडे जात होती आणि मधूनच एखादं ती बाजूला भिरकावत होती. "शाळा. वीज कचेरी. हॉटेल. हे आपलं नाही. चौकी, बघ, बोटाएवढी, तीही चपटी केली मेल्याने." भंगारवाला ऐकून न ऐकल्यासारखं करत होता. बरंचसं गाव सापडलं. पांढरं खोकं मात्र नाही. ती ढिगाच्या दुसऱ्या बाजूने आत गेली. पुन्हा पहिल्या बाजूने. तिचा श्वास मला ऐकू येत होता.

"तू नीट बघ ना," ती माझ्यावर खेकसली. "नुसता खांबासारखा उभा."

"चष्म्याशिवाय मला सगळीच खोकी पांढरी," मी म्हणालो. खिशात हात घातला, चष्मा काढला, नाकावर चढवला आणि मोठ्या हिरिरीने ढिगावर वाकलो.

ती हलेना. माझ्या डाव्या हाताकडे बघत होती.

"ते काय आहे?"

"हे? चष्म्याचं घर. माझं जुनं फुटलं ना, म्हणून हे..."

मी हातातल्या वस्तूकडे पहिल्यांदाच चष्मा लावून बघितलं. औषधाचं पांढरं खोकं. झाकण उघडलं, तर आतल्या बाजूला लाल दोऱ्याची फुली चिकटवलेली होती. सकाळी ती मला दिसली नव्हती, कारण दिसायला चष्मा हवा आणि चष्मा होता खोक्यात. काखेत कळसा आणि गावाला वळसा असं म्हणतात. आमच्या बाबतीत गावच ढिगाऱ्यात होतं, एवढाच फरक.

"हे का नाही दिलंस?" तिने विचारलं.

"चांगलं मजबूत होतं. झाकण कसं खट्कन बसतं, बघ. टाकवेना."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग ती त्या पुठ्ठ्यांच्या ढिगाला टेकून हसायला लागली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "आणि मला आजार म्हणतो," ती भंगारवाल्याला म्हणाली. त्याने मान डोलावली. घराण्याचा आजार त्याच्या लक्षात आला असावा.

दुपारपासून घरात धावपळ. गव्हाच्या पिठाची खळ शिजली, त्यात धाकट्याची दोन बोटं शिजता शिजता राहिली. चपट्या घरांना आतून जुन्या बिलांच्या कोऱ्या बाजू चिकटवून धीर दिला. पण घड्या काही जाईनात. शाळा एका अंगाला झुकली, हॉटेलाला पोट आलं. फक्त दवाखाना ताठ उभा होता, नुकताच बांधल्यासारखा.

"मामा आला आणि गावात भूकंप झाला," धाकट्याने जाहीर केलं. त्याला ही घटना फार आवडली होती.

मी भीत भीत सुचवलं की मग उपडा ठेवला तर पाण्याची टाकी होईल. थोरली म्हणाली, "नाही. आपण तो संपवला नाही. नवीन वस्तूला गावात घर मिळत नाही." तो हिरवा मग न्हाणीघरात गेला.

सकाळी मेहुणे आले. समोरच्या काकूंना जिन्यात गाठण्याची कामगिरी माझ्याकडे होती. मी त्यांना माझ्या गुडघेदुखीची सुरुवातीपासून हकिगत सांगितली आणि त्यांच्या मागून मेहुणे वर निसटले. मी घरात शिरलो तेव्हा ते बूट काढून गावाच्या वेशीवर उकिडवे बसले होते. दारापासून मशीनपर्यंत जमीन गावाने व्यापलेली. आत यायचं तर गावातूनच यावं लागत होतं.

भिंगरी स्वयंपाकघराच्या दारात. तिने चहा गॅसवर ठेवला, उतरवला, पुन्हा ठेवला. झाडलेला कोपरा परत झाडला. पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, गुंडाळलं. मेहुणे शाळेत रमले, दाताच्या हकिगतीला मनापासून हसले, भूकंपाबद्दल माझ्याकडे बघून भुवया उडवल्या. मग त्यांचं बोट पांढऱ्या खोक्यावर आलं.

"आणि हे काय?"

"दवाखाना," थोरली म्हणाली. "इथे मी राहत होते. हाताला सुई लावून ठेवली होती. मला ताप होता ना, खूप."

"किती दिवस?"

"मला नाही माहीत, मी झोपले होते. आई होती ना. ती खुर्चीवर बसली होती."

मेहुण्यांनी मान वर केली. "बसली होती?"

"हो. जागी झाले तेव्हा बघितलं मी. काहीच करत नव्हती. नुसती बसली होती."

ज्याला ती बाई ठाऊक आहे त्याला एवढं पुरे होतं. डॉक्टरांनी पानभर लिहून दिलं असतं तरी इतकं कळलं नसतं. मेहुण्यांनी खोक्याचं झाकण उघडलं, लाल फुली पाहिली, झाकण लावलं, आणि दवाखाना जिथे होता तिथेच अगदी मोजून परत ठेवला. मग शाळा जराशी सरकवून शेजारी जागा केली.

"ये," ते म्हणाले. "बस इथे."

आणि भिंगरी बसली. शाळा आणि वीज कचेरीच्या मध्ये, हात मांडीवर ठेवून. थोरली त्यांना दवाखान्याच्या खिडक्या दाखवत होती. आत चहा उतू गेला. तो मी बंद केला.

बऱ्याच वेळाने ती उठून स्वयंपाकघरात आली आणि सांडलेला चहा पुसायला लागली. डोळे लाल होते, हात नेहमीसारखे चालू. मला राहवेना.

"भिंगरे," मी म्हणालो, "इतके महिने एकटीने पोटात ठेवलंस. तेव्हाच फोनवर एकदा मनसोक्त रडून मोकळी झाली असतीस तर?"

फडकं पिळत ती म्हणाली, "तेव्हा रडायला वेळ नव्हता, आणि आता तुझा तो मग गळतोय, जा बदलून आण."