मामाजींना वाचून दाखवलेला शेवट

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, अमरावतीच्या बहिणीला नाही – भाजीत मीठ जास्त पडलं तरी जिला मी फोन करते, तिलासुद्धा नाही. आणि आज सांगायचं ठरवलं, तर सकाळपासून एका जागी बसवत नाही. गॅस बंद आहे का बघून आले. वाळलेले कपडे काढले. आता बसते. बसलंच पाहिजे.

विषय तसा साधा – एक जुनी कादंबरी आणि तिच्यावर निघालेला सिनेमा. यात लपवण्यासारखं काय, असं वाटेल तुम्हाला. मलाही तसंच वाटलं होतं.

कादंबरीचं नाव सांगत नाही. चांगली जाडजूड आहे, एकेक वाक्य अर्ध्या पानाचं. एम.ए.ला आम्हाला नेमली होती. तेव्हा मी गाईडवर भागवलं – हेही आज पहिल्यांदाच सांगतेय, पण ते सोडा. लग्न होऊन अकोल्याला आले आणि ‘वाचणारी सून’ म्हणून नाव झालं. नाव कुणाला आवडत नाही? मी ते मिरवलं.

मामाजी, म्हणजे माझे सासरे, कापसाचे ग्रेडर. तेल्हारा, अंजनगाव सुर्जी, कुठकुठल्या जिनिंगमध्ये जन्म गेला त्यांचा. चिमूटभर कापूस दोन्ही हातांच्या बोटांत धरून ओढायचे आणि धाग्याची लांबी सांगायचे. एकदा सांगितलं की मग व्यापारी येवो की त्याचा बाप येवो, माघार नाही. काचबिंदूनं त्यांची नजर गेली तेव्हा आम्ही सगळे रडलो. तेच आम्हाला म्हणाले, “डोळे गेले त गेले, डोकं त शाबूत हाये ना!”

आणि होतंच शाबूत. जठारपेठेतल्या आमच्या घराजवळ वाचनालय आहे. तिथे महिन्यातून एका रविवारी मंडळी जमतात. एक कादंबरी घरी वाचायची, तिच्यावरचा सिनेमा सगळ्यांनी मिळून बघायचा आणि मग कडकडून भांडायचं – काय गाळलं, काय घुसडलं, कोण जिंकलं. हे मामाजींनीच सुरू केलेलं. नियमही त्यांचाच : पुस्तक न वाचता नुसता सिनेमा पाहून जो बोलेल, त्यानं त्या दिवशी सगळ्यांना चहा वाटायचा. मोठमोठ्या माणसांना त्यांनी हातात ट्रे घ्यायला लावला होता. मामाजींचं मत ठरलेलं : “सिनेमा घाई करते. पुस्तकात माणसाले बसाले जागा राहते.”

नजर गेल्यावर त्यांना पुस्तक कोण वाचून दाखवणार? वाचणारी सून!

सुरुवातीला मी मनापासून वाचलं, खोटं कशाला बोलू. संध्याकाळी त्यांच्या पलंगाशी बसायची. पण ती भाषा, बाप्पा! एक वाक्य संपेपर्यंत कुकरच्या शिट्ट्या होऊन जायच्या. मी एखादा परिच्छेद गाळायला लागले. मग पान. मग मला युक्ती सुचली – युक्तीच म्हणत होते मी तिला. दुपारी मोबाइलवर सिनेमा बघायचा आणि संध्याकाळी पुस्तक मांडीवर घेऊन सिनेमातलंच रंगवून सांगायचं. मधूनमधून पान उलटायचं, म्हणजे आवाज होतो.

अडचण त्यांच्या बोटांची होती. वाचन झालं की ते पुस्तक हातात घेत, खूण कुठवर सरकली ते चाचपत आणि उरलेल्या पानांची जाडी अंगठ्यानं जोखत. म्हणून मी खूणही हिशेबानं सरकवायला लागले. बघा, फसवताना किती मेहनत घेता येते माणसाला! तेवढ्या मेहनतीत पुस्तक वाचून झालं असतं.

एकदा त्यांनी विचारलं, “लेखकाची भाषा बदलली काय व? आता भल्ली सोपी लागून राहिली.” मी म्हटलं, हो मामाजी, मधल्या भागापासून सोपी होते. ते खूश झाले. माझ्या वाचण्याचं कौतुकही केलं.

आता शेवट सांगते. म्हणजे कादंबरीचा. थोरला भाऊ स्वतःचा गुन्हा धाकट्यावर ढकलून पळून जातो. धाकटा तुरुंगात मरतो. पुष्कळ वर्षांनी थोरला घरी येतो. आई त्याला ओळखते. पाण्याचा तांब्या देते, तो पाणी पितो, आणि मग ती विचारते, कोण पाहिजे तुम्हाला? आणि दार लावून घेते. असा आहे पुस्तकातला शेवट. सिनेमात आईच्या हातून तांब्या पडतो, ती लेकाला कवटाळते, धाकटासुद्धा तुरुंगातून जिवंत परत येतो आणि गाणं सुरू होतं. मामाजींना मी गाण्याआधीपर्यंतचं सगळं वाचून दाखवलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

खरा शेवट मला तेव्हा माहीतच नव्हता, गाईडमधलं तर परीक्षेनंतरच विसरले होते. मला वाटलं, असेल तसाच, फार तर थोडं इकडेतिकडे. वाटलं म्हणते – तपासायला काय लागत होतं? शेवटची दोन पानं उलटायची होती.

रविवार आला. सिनेमा झाला, मामाजींनी तो कान देऊन ऐकला आणि सगळ्यांच्या आधी बोलायला उभे राहिले. म्हणाले, आजवर सिनेमाला शिव्या घातल्या, पण आज टोपी काढतो. या माणसानं कादंबरीतलं काहीच बदललं नाही. असा इमानदार सिनेमा झाला नाही.

कुणी हसलंसुद्धा नाही, इतकं ते चमत्कारिक होतं. मग नलूताई, वाचनालय सांभाळणाऱ्या, हळूच मामाजींना म्हणाल्या की भाऊ, पुस्तकात तर आई दार लावून घेते. धाकटा केव्हाच मेलेला असतो.

मामाजी हसले. “वंदनानं मले शब्द न शब्द वाचून दाखवलं. विचारा तिले.”

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांनीही मान वळवली, आवाज येईल त्या दिशेला. मी काय सांगू शकले असते? की मी कंटाळले होते. इतकंच. लोक हसले असते, मी चहा वाटला असता, घरी जाऊन मामाजी दोन दिवस बोलले नसते. मेले नसते मी.

मी म्हटलं, “मी तर पूर्ण वाचलं होतं, मामाजी. तुम्ही विसरला असाल.”

आणि एवढ्यावर थांबले नाही. कुणी विचारलं नव्हतं, तरी नलूताईंकडे वळून म्हटलं, “हल्ली होतं तसं त्यांचं.”

तसं काहीच होत नव्हतं त्यांचं. पण सगळ्यांनी माना हलवल्या, कुणीतरी च्‌च् केलं. मामाजी म्हणाले, “मंग आज चहा मी वाटतो.” आणि अंदाजानं टेबलाकडे निघाले. ट्रे उचलला, कप खडखडायला लागले. मी धावत जाऊन तो त्यांच्या हातातून घेतला आणि चहा मीच वाटला. सून असावी तर अशी, असं एकजण म्हणालेही.

पुढचं मी ठरवून केलेलं नाही, पण झालं माझ्यामुळेच. नवऱ्याच्या कानावर गेलं, तो त्यांना डॉक्टरकडे घेऊन गेला. वयोमानाप्रमाणे होतं, डॉक्टर म्हणाले, आणि गोळी लिहून दिली. ती गोळी मीच देते. घरात सगळे त्यांच्याशी मोठ्यानं आणि सावकाश बोलायला लागले. जुने व्यापारी अजून कधीमधी कापूस दाखवायला यायचे. मामाजी तो बोटांत ओढायचे, थांबायचे, पुन्हा ओढायचे. एकदा म्हणाले, दुसऱ्या कुणाले दाखवा, माझा भरवसा नाही. रविवारी जाणं त्यांनी सोडलं.

मग एका संध्याकाळी त्यांनीच पुस्तक मागितलं. शेवट पुन्हा वाच म्हणाले, मी इसरलो. या वेळी मी खरंच वाचलं, एक शब्द न गाळता. आई तांब्या देते, कोण पाहिजे विचारते, दार लावते. ते कपाळाला आठ्या घालून ऐकत होते, काहीतरी शोधत असल्यासारखे. मला वाटलं, आता ओळखतील. ओळखावं, असंही वाटलं. खरंच वाटलं.

“हाव,” ते म्हणाले. “हाव, असंच वाचलं होतं तू. आठवलं मले.”

मग चाचपत माझा हात धरला. “त्या दिवशी उगाच तुले साऱ्यांसमोर साक्षीले उभं केलं. मनावर नको घेऊ, बेटा.”

मी म्हटलं, असू द्या, मामाजी.

आत्ता बाहेरच्या खोलीतून त्यांची हाक आली. त्यांनी स्वतः मघाशी चहा घेतला की नाही, हे ते मला विचारतायत.