मेला त्याने चहा टाकायचा

आमच्या रविवारच्या पत्त्यांचे किस्से सांगायला लागले की मला एकावर थांबताच येत नाही. झेरॉक्सला आलेलं गिऱ्हाईक कागद घेऊन निघून गेलेलं असतं आणि मी काउंटरमागे अजून बोलतच असते! तेव्हा तुम्ही आपले बसून घ्या.

हे सगळं सुरू झालं दीपकदादामुळे. दीपकदादा आमचा शेजारी, जयगडला बंदरात सेफ्टीच्या कामाला. एका वादळात आमच्या आळीत आठवडाभर लाईट नव्हती, तेव्हापासून हा माणूस तयारीला लागला तो लागलाच. मेणात बुडवलेल्या काड्या, शिट्ट्या, दोरखंड, पाण्याचे कॅन, घरात पाय ठेवायला जागा नाही. त्याच्या भाच्याने कौतुकाने बंगलोरहून एक पत्त्यांचा खेळ पाठवला. संकटात कोण टिकतं, असा. त्यात हिमवादळ होतं, लांडगे होते आणि अस्वल होतं.

इक्बालभाई मिरकरवाड्यात लाँचची इंजिनं दुरुस्त करतात. त्यांनी अस्वलाचा पत्ता उलटसुलट करून बघितला आणि म्हणाले, "रत्नागिरीत यायचं तर ह्याला घाट उतरावा लागणार. दरडीतच अडकेल बिचारं!"

झालं! आम्ही आमचाच खेळ करायचं ठरवलं. नाव ठेवलं 'तग'.

*

खेळ सोपा आहे. प्रत्येकाला साठ्याचे सात पत्ते मिळतात. पाणी, तांदूळ, दोरी, औषध, बॅटरी वगैरे. मधल्या गठ्ठ्यातून पाळीपाळीने एकेक पत्ता ओढायचा. साठा निघाला तर ठेवून घ्यायचा, संकट निघालं तर त्यावर लागेल तो साठा टाकायचा. नसेल तर मेलात. डावात तीनदा पत्ता न ओढता 'पास' म्हणता येतं. आणि पहिला मरेल त्याने उठून सगळ्यांना चहा टाकायचा.

पत्ते दीपकदादाने जुन्या लग्नपत्रिका कापून केले. चांगला जाड कागद, फेकून कशाला द्यायचा? लॅमिनेशन माझ्या दुकानात. पुढच्या बाजूला 'वानरांनी बाग साफ केली' आणि मागच्या बाजूला 'आमचे येथे श्रीकृपेकरून'!

पहिले तीन महिने सुलभावहिनी, म्हणजे दीपकदादाची बायको, ओळीने जिंकल्या. एकही रविवार सोडला नाही. दीपकदादा हिशेब मांडून खेळणारा, तो पार चक्रावला. "नशीब आहे हो," वहिनी म्हणायच्या आणि बरोबर वेळेला 'पास' म्हणायच्या.

शेवटी एकदा त्याने हात टेकले. "सुलभा, खरं सांग. तुला संकट आधीच कसं कळतं?"

"गुलाबी पत्रिका सगळी संकटांना वापरलीयस तू," वहिनी म्हणाल्या. "माझ्या सख्ख्या भाचीची पत्रिका मी ओळखणार नाही?"

*

दीपकदादाकडे दाराशी एक निळी सॅक कायम भरलेली असते. काही झालं की ती उचलायची आणि निघायचं. चार माणसांचं तीन दिवसांचं खाणं आत असतं असं तो सगळ्यांना सांगायचा.

एका रविवारी डावाच्या आधी त्याने आम्हाला ती उघडून दाखवायचं ठरवलं. यादी वाचत एकेक वस्तू काढली. दोरी, बॅटरी, शिट्टी, प्रथमोपचार. मग, "बिस्किटांचे आठ पुडे" असं मोठ्याने वाचलं आणि हात आत घातला. हात खालपर्यंत गेला. रिकामाच वर आला.

"सुलभा! ही संकटासाठी होती!"

"मग संकटच होतं," स्वयंपाकघरातून आवाज आला. "तुझी आत्या सहा माणसं घेऊन न सांगता आली होती."

*

मग दीपकदादाने जाहीर केलं, की नुसते पत्ते खेळून काही होत नाही. एक अख्खा दिवस विजेशिवाय काढायचा! सकाळी सहाला त्याने मेन स्विच पाडला. वहिनींनी मागच्या पडवीत चूल पेटवली. दुपारी आम्ही घामाने निथळत पेजेचे भुरके मारत होतो आणि दादा दर अर्ध्या तासाने वहीत लिहीत होता, 'मनोधैर्य उत्तम'.

संध्याकाळी सहाला सगळ्यांना उभं करून त्याने समारंभाने मेन स्विच वर केला.

काही झालं नाही. पंखा तसाच!

पलीकडच्या काकी कुंपणावरून म्हणाल्या, "अरे, सकाळपासून सगळ्या आळीतच नाहीये. पण काय हो दीपक, तुमच्याकडे सहालाच चूल पेटली! तुम्हाला आधी कसं कळलं?"

तेव्हापासून आळीतल्या बायका दळण टाकायच्या आधी दीपकदादाला विचारून घेतात.

*

आता जाधव सर. निवृत्त गणिताचे शिक्षक, चाळीस वर्षं पोरांना संभाव्यता शिकवलेली, आणि 'तग'मध्ये हमखास पहिले मरणार! सर कधी कुरकुर करत नाहीत. पत्ते खाली ठेवतात, चष्मा पुसतात आणि म्हणतात, "मी गेलो. आलं आहे का घरात?"

एकदा डाव फार रंगला होता. इक्बालभाईंना घरून फोन आला. ते पत्त्यांवरची नजर न काढता म्हणाले, "येतो अर्ध्या तासात. जाधव सर मेले आत्ताच. दीपक आणि ही वृषाली काही टिकत नाहीत. मग मी आणि वहिनीच उरलो."

फोनवर त्यांच्या बायको, झुबेदाभाभी, नव्हत्या. भाभींची मावशी होती.

वीस मिनिटांत फाटकाशी रिक्षा थांबली. सरांचे दोन जुने विद्यार्थी, शाळेतला शिपाई आणि एक हार. विद्यार्थ्यांतला एक तर दारातच रडायला लागला. "सरांनी मला बारावीत ग्रेस मार्क..." एवढंच त्याला बोलता आलं.

स्वयंपाकघरातून जाधव सर ट्रे घेऊन बाहेर आले. त्यांनी त्या पोराकडे बघितलं, हाराकडे बघितलं.

"ग्रेस नव्हते रे ते," सर म्हणाले. "बेरीज माझी चुकली होती. बस, चहा घे."

*

गेल्या वर्षीची गोष्ट. एका लाँचचं इंजिन समुद्रात बंद पडलं म्हणून इक्बालभाई सकाळीच दुसऱ्या लाँचने तिकडे गेले. दुपारी वारा फिरला. बंदरावर धोक्याचा बावटा चढला. बाकीच्या लाँच एकेक करत आत आल्या, या दोन नाही. फोन लागेना.

आम्ही सगळे त्यांच्या घरी गेलो. दीपकदादाने ओळखीतल्या सगळ्यांना फोन लावले, जेट्टीवर दोन चकरा मारल्या. मग भिजून येऊन खाली बसला आणि हळूच म्हणाला, "आता आपल्या हातात काही नाही." हे वाक्य मी त्याच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं.

झुबेदाभाभी इतका वेळ खिडकीशी उभ्या होत्या. त्या वळून म्हणाल्या, "वृषाली, पत्ते आहेत का पर्समध्ये? मला कधी कोणी शिकवलंच नाही."

मी नियम सांगितले. पत्ते भाभींनीच वाटले. आम्ही पाच जण होतो, त्यांनी सहा वाटे केले.

"भाभी, एक जास्त झाला," जाधव सर म्हणाले.

"त्यांचा आहे."

इक्बालभाईंची पाळी आली. भाभींनी त्यांच्यासाठी पत्ता ओढला. वादळ! त्यावर दोरी लागते. त्यांच्या सात पत्त्यांत दोरी नव्हती.

आमच्या खेळात आपला साठा दुसऱ्याला देता येत नाही. हा नियम दीपकदादाचाच, आणि त्यावरून तो वहिनींशी महिनाभर भांडला होता. त्याने आपली एकुलती एक दोरी काढली आणि त्या सहाव्या वाट्यावर ठेवली.

"पुढे चला," तो म्हणाला.

मग कोणी नियम बघितला नाही. वहिनींनी पाणी दिलं, सरांनी औषध दिलं, मी बॅटरी दिली. आम्ही चौघं एकामागून एक मेलो. भाभींकडे शेवटी दोन पत्ते उरले. त्या सहाव्या वाट्याचा मात्र चांगला जाडजूड गठ्ठा झाला होता.

सहाच्या सुमाराला दार वाजलं. इक्बालभाई उभे होते. नखशिखांत भिजलेले, कोपरापर्यंत ऑइल.

"दोन्ही लाँच आल्या," ते म्हणाले. मग चटईकडे बघून, "डाव मांडलात? कोण जिंकतंय?"

भाभींनी पत्त्यांवरून मान वर केली नाही.

"तुम्ही," त्या म्हणाल्या. "कपडे बदलून या. तुमची पाळी आहे."