मामांची हरकत

माझ्या थोरल्या मामांनी आयुष्यात एकही वाक्य प्रश्नचिन्हाशिवाय संपवलं नाही, हे मी शपथेवर सांगायला तयार आहे. निजामाच्या राज्यात प्रश्न सरकारी माणसाने विचारायचे आणि उत्तरं रयतेने द्यायची, अशी रीत होती; मामांना ती कोणी कळवली नसावी. करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्यावर शिपायाने "गठडी में क्या है?" म्हणून अडवलं, तर मामांनी त्यालाच विचारलं, पगार वेळेवर होतो का, छप्पर कधीपासून गळतंय, आणि रोज लोकांच्या गाठोड्यांत जे शोधता ते सापडलं का? शिपायाला वाटलं, वरून तपासणी आली. त्याने सलाम ठोकला आणि गाठोडं स्वतः टांग्यात नेऊन ठेवलं. आमच्या जालन्याच्या चर्चमध्ये तर नोहाच्या तारवावर उपदेश चालू असताना मामा उठून उभे. "पाळकसाहेब, वाळवीची बी जोडी घेतल्ती का? मंग लाकडी तारू टिकलं कसं?" पाळकसाहेबांनी उपदेश तिथेच सोडून शेवटचं गीत धरलं. मामी चिडल्या, की मामा म्हणत, "देवाला सगळं ठावं असून त्यानं आदामाला इचारलंच ना, तू कुठं हायेस म्हणून? मला तर काहीच ठावं न्हाई, मंग मी किती इचारावं?"

मी तेव्हा मिशनच्या दवाखान्यात नर्स होते आणि तीर्थपुरीच्या एका मास्तरांशी माझं लग्न ठरलं होतं. नोकरी सोडायची, हे दोन्हीकडच्या मोठ्यांनी चहा पिता पिता ठरवून टाकलं. मला ती सोडायची नव्हती; पण तसं म्हणायला कोणी जागाच ठेवली नव्हती. आमच्यात लग्नाआधी तीन रविवार चर्चमध्ये नावं पुकारतात आणि कोणाची हरकत आहे का, असं विचारतात. सगळे गप्प बसतात. मामांना ते बिलकुल पटेना. विचारलंय, तर बोलायला नको? पहिल्या रविवारी त्यांनी विचारलं, "नवरदेव घोरतो का?" दुसऱ्या रविवारी, "भाकरी थापता येते का?" तिसऱ्या रविवारी मास्तर जातीने हजर राहिले. मामा उठले, तशी आईने पदरात तोंड लपवलं.

"हरकत न्हाई, पण पोरीची नोकरी सोडवून राह्यलेत, तर पोरीला इचारलं का कुणी?"

पाळकसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "नाही विचारलं. आणि मी सोडणार नाही."

मास्तरांनी टोपी काढली, पुन्हा घातली. "आईला विचारून सांगतो."

"इचारा की," मामा खूश होऊन म्हणाले. "जल्दी काय हाय?"

लग्न चार महिने लांबलं. तेवढे दिवस आई आपल्या सख्ख्या भावाशी बोलली नाही. पाचव्या महिन्यात मास्तर जालन्याच्या शाळेत नोकरी मिळवून ट्रंकेसकट आले.

पुढे मामा आजारी पडले ते माझ्याच वॉर्डात. एका सकाळी मी थर्मामीटर झटकत होते. मामा म्हणाले, "पोरी, सुखात हायेस ना?" अजून नऊ खाटा बघायच्या होत्या. मी "आ करा" म्हटलं आणि थर्मामीटर त्यांच्या जिभेखाली सारला. तो काढला, तर त्यांनी दुसरंच काढलं: "ह्या एवढ्याशा नळीत पारा कोण भरतं?" ते मी सविस्तर सांगितलं. मामा त्या दुखण्यातून उठले नाहीत. आधीच्या प्रश्नाला नुसतं "हो" म्हणायचं होतं. त्याला कितीसा वेळ लागला असता?